खूण झालेली पिशवी

पितळी नळ तयार करणाऱ्या त्या कारखान्याच्या फाटकाशी, आतल्या बाजूला, पत्रा ठोकलेलं एक लांब टेबल होतं आणि त्या टेबलामागे झडतीमामा उभे असत. पाळी सुटली की कामगार रांगेने आपापली पिशवी त्या टेबलावर ठेवायचे. मामा आधी ती डाव्या हाताने उचलून वजन घ्यायचे, मग बोटांच्या पेरांनी तळ दाबायचे आणि मनात पाल चुकचुकली तर पिशवी उघडायचे. पितळ महाग, त्यात नळाचे भाग एवढे एवढे. डब्याच्या दुहेरी तळात, बुटाच्या टाचेत, छत्रीच्या पोकळ दांड्यात, कुठेकुठे ते भाग सापडले होते ते सांगायला मामा बसले तर ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

झडती झाली की मामा शर्टच्या खिशातून खडू काढून पिशवीच्या पट्ट्यावर खूण करायचे. प्रत्येक तपासनिसाची खूण वेगळी असे. मामांची म्हणजे एक तिरकी रेघ आणि तिच्या पायाशी टिंब. ती खूण दिसली की बाहेरच्या फाटकावरचा पहारेकरी काही न विचारता माणसाला जाऊ द्यायचा. खूण झालेली पिशवी पुन्हा अडवायची नाही, हा तिथला नियम. त्या नियमाबद्दल मामांना फार अभिमान होता, कारण याचा अर्थ असा की त्यांच्या संशयाला कुठेतरी शेवट होता.

घरी मात्र त्याला शेवट नव्हता. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याचं हसणं, हवामानाचा अंदाज, यांतलं काहीही मामा सरळ मानून घेत नसत. कुणी फार गोड बोललं की त्यांचे कान टवकारले जात. औषधाच्या दुकानात ते गोळीच्या पाकिटावरची तारीख वाचून थांबत नसत, ती खरवडून मागे दुसरी छापली आहे का तेही बघत. लेक म्हणायची, बाबा आरशात बघतानासुद्धा समोरचा कोण म्हणून विचारतील. मामा यावर हसत, पण आरशाच्या दुकानदाराबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतंच.

एका बाबतीत मात्र ते आयुष्यभर सरळ वागले होते. त्यांची बायको, म्हणजे आता सगळे जिला मामी म्हणत, लग्नाआधी त्याच कारखान्यात नळ कागदात गुंडाळायच्या खात्यात होती. बायकांची झडती पडद्याआड एक बाई घ्यायची. रोज हात वर करून उभं राहायचं, पिशवी उलटी करायची, केसांचा अंबाडा चाचपू द्यायचा. मामी रोज निर्दोष सुटायच्या आणि रोज मान खाली घालून बाहेर पडायच्या. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "फाटकावरचं फाटकावर. ह्या घरात माझी झडती होणार नाही." मामांनी शब्द दिला आणि पाळला. बायकोची पर्स, पिशवी, कपाटातला कप्पा, कशालाच त्यांनी कधी हात लावला नाही. पाव्हण्यांसमोर ते ही गोष्ट सांगायचे नाहीत, पण एकटे असले की तिच्यावर खूश व्हायचे.

त्या वर्षी उन्हाळा असा होता की दुपारी दाराची कडी धरवत नव्हती, आणि नेमका तेव्हाच लेकीने बेत काढला की नातीच्या सुट्टीत सगळ्यांनी तळ्याकाठी, तिथे जागा भाड्याने देणाऱ्या एका तंबूवाल्याकडे, तंबू ठोकून राहायचं. जावईबापू उत्साही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर मीठदाणीचा डोंगर आणि ताटाचं तळं करून सगळं समजावून सांगितलं. पहाटे निघायचं म्हणजे ऊन चढायच्या आत पोचू. तंबू झाडांच्या पूर्वेला लावायचा, म्हणजे दुपारनंतरची तिरीप अंगावर येणार नाही. तंबूवर ताडपत्री टाकायची नाही, ती तापते, पांढरी चादर थोडी वर ताणून बांधायची म्हणजे मधून वारा खेळेल. पिण्याचं पाणी घरून कॅनमध्ये, बर्फाची पेटी वेगळी, डोक्याला ओले पंचे, आणि झोपायचं ते तंबूबाहेर मच्छरदाणीत, कारण आत भट्टी होणार.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकेक खुंटी उपटायला सुरुवात केली. वारा कुठून येतो हे त्या तंबूवाल्याला कुणी विचारलं? झाडं आहेत म्हणतो, पण त्यांना पानं आहेत का? त्याने पाठवलेल्या फोटोत काठ हिरवागार दिसतो, म्हणजे फोटो पावसानंतरचा, आत्ता तिथे भेगा पडल्या असतील. त्यांनी स्वतः तंबूवाल्याला फोन लावला आणि ताजा फोटो मागितला. बिचाऱ्याने त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढून पाठवला. मामांनी तो मोठा करून बघितला, वर्तमानपत्राची तारीख वाचली आणि म्हणाले, "तारीख बरोबर आहे. पण तळं हेच कशावरून?"

घरातले हसले. मामांच्या ह्या आडमुठेपणामागे काय होतं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी ते बोलत नव्हतं. आदल्या सुट्टीत सगळे एका तलावाकाठच्या बागेत गेले होते. नात कागदाची होडी सोडायला पायरीवर उतरली आणि शेवाळावरून घसरून पाण्यात गेली. लेक आणि जावई खाण्याचं आणायला गेले होते. मामी धावल्या, गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि तिथेच थांबल्या, कारण पुढे पायाखाली काही लागेना आणि पोहता येत नव्हतं. मामा वरच्या पायरीवर पिशव्या सांभाळत बसले होते. ते उठले, ओरडले, पण त्यांनाही पोहता येत नव्हतं. एका अनोळखी माणसाने उडी मारून पोरीला वर काढलं. तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून ती बादलीतल्या पाण्यात तोंड बुडवत नव्हती. आणि मामा पाण्याच्या साध्या चित्राकडेही संशयाने बघू लागले होते.

म्हणून त्यांना वाटलं होतं की बेताला निदान मामी तरी विरोध करतील. पण मामीच सगळ्यात पुढे. "यंदाच जायचं," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय?" हे वाक्य मामांना टोचलं. मामी अशी वाक्यं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मग मामांचं लक्ष इतर गोष्टींकडे गेलं. त्यांची पाळी सकाळची, दुपार कलली की ते घरी येत. हल्ली ते आले की दाराला कुलूप असे. थोड्या वेळाने मामी येत, म्हणत की तंबूच्या खरेदीला गेले होते, आणि हातात कधी एखादा दोरीचा गुंडा, कधी काहीच नाही. इतक्या उन्हातून आलेल्या बाईचा अंबाडा आतून ओला कसा? डोळे लाल कसे? शिवाय अंगाला एक वास येई, दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसा. रात्री पाठ टेकताच त्या गाढ झोपत. खांदे दुखतात म्हणून नात आली की तिला दाबायला सांगत. नवी निळी पिशवी होती, ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला न लावता झोपायच्या खोलीत दारामागे लटकवत. विचारलं तर हसत आणि ताकास तूर लागू देत नसत.

कुठेतरी पाणी मुरतंय हे मामांना पक्कं कळलं होतं. इतरांच्या बाबतीत हे कळलं की त्यांना हुरूप येत असे. या वेळी आला नाही.

एका संध्याकाळी मामी गॅलरीत उभ्या राहून लेकीशी फोनवर बोलत होत्या. मामा आत पंख्याखाली बसलेले. मामींचा आवाज दबका होता, पण जन्मभर रांगेतली कुजबुज ऐकलेल्या माणसाला तेवढा पुरे होता. "बाबांना आत्ता कळू द्यायचं नाही," मामी म्हणत होत्या. "तळ्यावर गेल्यावरच. आधी कळलं तर ते मला घराबाहेर पडू द्यायचे नाहीत."

मामांच्या डोक्यात सगळे तुकडे एकदम जुळले. लाल डोळे, म्हणजे रडणं. दवाखान्याचा वास, थकवा, खांद्याचं दुखणं. यंदाच जायचं. सगळ्यांनी एकत्र जायचं. तिला काहीतरी मोठं झालंय, लेकीला माहीत आहे, आणि तळ्याकाठी बसवून आपल्याला सांगणार आहेत. पाणी बघितलं की माणूस शांत होतो असं कुणीतरी डॉक्टर म्हणाला असेल. मामा त्या रात्री जेवले नाहीत. मामी शेजारी मस्त घोरत होत्या, आणि चांगल्या दोन वाढण्या जेवलेल्या माणसाचं ते घोरणं होतं हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण संशय एकदा घरात शिरला की तो आपल्या सोयीचं तेवढंच उचलतो.

दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांचं लक्ष नव्हतं. पिशव्या येत होत्या, हात आपोआप चालत होते, आणि मनात एकच पिशवी लटकत होती, दारामागची. तिच्यात रिपोर्ट असतील, गोळ्या असतील. एकदा बघितलं की काय ते कळेल. पण शब्द दिला होता. सगळ्या जगाची झडती घेऊन झाली तरी ह्या एका बाईची घ्यायची नव्हती, आणि तोच शब्द मोडायचा? मामा त्या दिवशी घरी पायी गेले, एवढ्या उन्हात, कारण लवकर पोचायची त्यांना भीती वाटत होती.

पोचले तर मामी आधीच आलेल्या. पिशवी दारामागे होती. मामींनी त्यांना पाणी दिलं आणि शेजारणीकडून बर्फाची पेटी उसनी आणते म्हणून त्या खाली गेल्या. मामा खोलीत गेले आणि दारापाशी उभे राहिले. मग त्यांनी पिशवी काढून पलंगावर ठेवली.

डाव्या हाताने वजन घेतलं. ओलसर, जड. पेरांनी तळ दाबला. मऊ. त्यांनी चेन उघडली. वर कंगवा होता. त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी ओलं, तेही त्यांनी सोडलं. आतून गडद रंगाचा पोहण्याचा पोशाख निघाला, रबरी टोपी निघाली, आणि पाण्यात घालायचा चष्मा. तळाशी टॉवेल. रिपोर्ट नाही, गोळी नाही. त्या सगळ्याला तोच दवाखान्याचा वास येत होता, पोहायच्या हौदात टाकतात त्या औषधाचा.

मामा पलंगाच्या काठावर बसले. नातीची आजी, गुडघे दुखतात म्हणून जिना हळू चढणारी, रोज दुपारी हौदात उतरत होती. त्या गुडघाभर पाण्यात थांबलेली बाई पुढे जायला शिकत होती. त्यांना हसू यायला लागलं आणि ते थांबेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं. तिला काही झालेलं नव्हतं. बाकी जगात काहीही होवो, तिला काही झालेलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. मामा खडबडून उठले. वस्तू जशा निघाल्या त्याच्या उलट्या क्रमाने आत ठेवल्या. टॉवेल, मग पुडकं, मग कंगवा, कंगव्याचे दात होते त्याच दिशेला. अशी पिशवी परत भरणारा माणूस अख्ख्या कारखान्यात दुसरा नव्हता. चेन ओढली आणि पिशवी दारामागे लावली. आणि इथेच घात झाला. चेन ओढल्यानंतर आणि पिशवी परत देण्याआधी जे त्यांचा हात जन्मभर करत आला होता, ते त्याने केलं. त्यांना पत्ताही नव्हता. मन इतकं हलकं झालेलं, की खिशातला खडू बाहेर येऊन परत आत गेला हे त्यांना जाणवलंच नाही.

पुढचे दोन दिवस मामा वेगळेच झाले. चादर वर ताणायची कल्पना उत्तम आहे, म्हणाले. तंबूवाला भला माणूस दिसतो, म्हणाले. नातीला विचारलं, पाण्यात खेळायला चेंडू घ्यायचा का? लेकीने फोनवर आईला विचारलं, बाबांना ताप तर नाही ना? आणि मामी, ज्यांनी आयुष्यात कुणावर संशय घेतला नव्हता, त्या आता नवऱ्याकडे रोखून बघू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा घरी आले तेव्हा मामी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर निळी पिशवी ठेवलेली. पट्टा वरच्या बाजूला. निळ्यावर पांढरी खूण लख्ख दिसत होती, तिरकी रेघ आणि तिच्या पायाशी टिंब.

मामांचा हात नकळत शर्टच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ही खूण कोणाची?" मामींनी विचारलं.

"माझी," मामा म्हणाले. दुसरं काही म्हणताच येण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोनवरचं बोलणं, लाल डोळे, वास, न झोपलेली रात्र. मला वाटलं तुला काहीतरी झालंय, ते म्हणाले, मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? मामींनी विचार केला. नसतं सांगितलं, त्या म्हणाल्या, कारण तुम्ही हौदाची खोली मोजायला आला असता, शिकवणाऱ्या बाईंचं प्रमाणपत्र मागितलं असतं, आणि शेवटी मला जाऊ दिलं नसतं. हे खरं होतं.

"पडद्यामागची ती बाई मला आवडायची नाही," मामी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पण ती निदान मला समोर उभं करून बघायची. तुम्ही माझ्या पाठीमागे बघितलंत."

मामा खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं, ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. उलट म्हणाली, तळ्यात उतरून तुम्हाला दाखवायचं होतं, तुमचं तोंड बघायचं होतं मला त्या वेळी, ते आता गेलं. हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. जन्मभर चोऱ्या पकडणाऱ्या माणसाने आपल्याच बायकोचा आनंद चोरला होता.

मामी उठल्या. "तुमचा नियम काय आहे? खूण झालेली पिशवी पुन्हा अडवायची नाही, ना? मग मी आता तळ्यात उतरणार. मध्ये यायचं नाही."

त्यांनी ती खूण पुसली नाही. पिशवी दारामागे परत न लावता बैठकीच्या खोलीत, येताजाता दिसेल अशा खिळ्याला लावली. लेक आली तेव्हा तिने पट्ट्याकडे बघितलं, मग आईकडे. जावईबापू तंबूच्या खुंट्या मोजत राहिले. मामांना फार वाटे की कुणी नसताना ओल्या फडक्याने एकदा ते टिंब तरी पुसावं. पण त्यासाठी पिशवीला हात लावावा लागला असता. कारखान्यात ते आता पिशवी उघडायच्या आधी समोरच्या माणसाला म्हणायचे, बघतो हं. लोकांना वाटलं मामा म्हातारे झाले.

ठरल्या दिवशी पहाटे सगळे निघाले. तळं फोटोतलंच होतं, तंबूवाला खरंच भला होता, आणि झाडांना पानंही होती. दुपार त्यांनी चादरीच्या सावलीत, डोक्यावर ओले पंचे घेऊन, लिंबूपाणी पीत काढली. जमीन इतकी तापली होती की चप्पल काढवत नव्हती. मामांनी पिशव्या आपल्याजवळ ओळीने लावून घेतल्या. निळी पिशवी मामींनी स्वतः आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, आतलं हवं ते काढून घेतलं, आणि तंबूत गेल्या.

ऊन उतरल्यावर मामी पोहण्याच्या पोशाखावर मोठा शर्ट घालून बाहेर आल्या आणि पाण्याकडे चालू लागल्या. मामांचे हात पिशवीच्या पट्ट्यावर आवळले. पाणी मामींच्या घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. तिथे त्या क्षणभर थांबल्या. मामा उठणार होते, तोंडात शब्द आला होता, आणि त्यांनी तो गिळला. मामी पुढे झाल्या, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि मग त्यांचे पाय सुटले. सुंदर पोहत होत्या असं नाही. मान उंच, हात घाबरे, पाणी फार उडत होतं. पण त्या तरंगत होत्या. जावईबापू थोड्या अंतरावर पाण्यात उभे होते, आणि मामी त्यांच्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

नात काठावर अंगठा तोंडात घालून बघत होती. आजी वळून म्हणाली, ये, मी आहे. पोर बराच वेळ हलली नाही. मग एक पाय पाण्यात टाकला, दुसरा टाकला, आणि आजीच्या गळ्याला मिठी मारून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. मामांना पुढचं नीट दिसेना. घाम असेल म्हणून त्यांनी डोळे पुसले.

थोड्या वेळाने नात नाचत वर आली, निथळत. "आजोबा, आजीच्या पिशवीतला टॉवेल द्या."

मामांनी पिशवी छातीशी धरली. "आजीला येऊ दे. पिशवी तिची आहे."

मामी हळूहळू वर आल्या. केस चिकटलेले, श्वास फुललेला, डोळे लाल. त्या मामांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मामांनी दोन्ही हातांनी पिशवी त्यांच्यापुढे धरली. पट्ट्यावरची खूण फिकट झाली होती, पण होती. मामींनी तिच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"माझे हात ओले आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच काढा."

टॉवेल अगदी तळाशी होता. मामांनी चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून शेजारच्या दगडावर ठेवली, कंगवा, कोरडे कपडे, चष्म्याची डबी. त्यांनी घाई केली नाही. टॉवेल हाती येईपर्यंत मामी समोर उभ्या राहून बघत होत्या.